बारीक जागा

“वजन जास्त टाकलं असणार, दुसरं काय!” साहेबांनी टेबलावरचा जॅक पेनाच्या टोकाने असा सरकवला, जशी काही मेलेली पालच. “लोकांचं काय जातं! छोट्या गाडीच्या जॅकवर टेम्पो चढवायचा आणि मोडला की आपल्या नावाने शंख करायचा. दोन दिवसांत रिपोर्ट दे. साधासरळ. उगाच फाटे फोडू नकोस.”

“हो साहेब.”

“आणि चेहरा असा काय केलायस? तुझ्या हातावर पडली का गाडी?”

पिटू हसली, कारण साहेब विनोद करतात तेव्हा हसायचं असतं. मग जॅक दोन्ही हातांनी उचलून ती तिच्या खोलीत आली. दार लावलं तरी ते हसू तोंडावरून निघता निघेना, जुन्या डब्यावरच्या लेबलासारखं.

गाडी पडली होती एका मेकॅनिकच्या हातावर. त्याने गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं, आत हात घातला, आणि टक्. एवढाच आवाज. उजवा हात कोपराखाली काढावा लागला. टक् करून तुटला तो खटका. खटका म्हणजे जॅकच्या आतला बोटाएवढा पोलादी तुकडा. तो दात्यात अडकून बसतो आणि अख्खी गाडी धरून ठेवतो. कारखान्यात जॅक बनायचे आणि त्यातले खटके बनायचे मास्तरांच्या भट्टीत. मास्तर म्हणजे पिटूचे बाबा.

पिटू हे तिचं खरं नाव नव्हतंच. नोकरीच्या पहिल्या दिवशी बाबांनी फाटकातून सगळ्यांसमोर हाक मारली, “पिटूऽऽ, डबा विसरलीस!” झालं. त्या दिवसापासून वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ती पिटू. बावीस वर्षांची, डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झालेली, आणि पिटू!

तिचं काम घासायचं होतं. हसू नका, खरंच. भट्टीत एका वेळी जेवढा माल जायचा त्याला तिथे घाणा म्हणत. प्रत्येक घाण्यातला एक खटका पिटूकडे यायचा. ती त्याचा तुकडा कापायची, काळ्या प्लास्टिकमध्ये बसवून बाटलीच्या झाकणाएवढी गोळी करायची आणि घासायला बसायची. आधी खरखरीत कागद, मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक कागदाला गोळी आडवी फिरवायची म्हणजे आधीचे ओरखडे नवीन ओरखड्यांनी पुसले जातात. शेवटी मखमली कापडावर पांढरी भुकटी. दिसायला पिठासारखी, पण इतकी कडक की पोलादसुद्धा तिच्यापुढे लाजून गुळगुळीत होतं. त्यात स्वतःचं नाक दिसायला लागलं की द्रावात बुडवायची, धुवायची, वाळवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. मग पोलाद आपलं पोट उघडून दाखवतं. आत सगळे कण असतात, वेड्यावाकड्या फरशा बसवाव्यात तसे एकमेकांना खेटून.

हे कण बारीक असले की पोलाद चिवट. कुठे तडा गेलाच तर त्याला दर पावलाला वळावं लागतं, वळून वळून तो बिचारा दमतो आणि थांबतो. कण मोठे झाले की तड्याला हमरस्ताच मिळतो. भट्टी प्रमाणाबाहेर तापली की कण एकमेकांना गिळून फुगतात, आणि एकदा फुगलेला कण थंड झाला म्हणून बारीक होत नाही. गंमत म्हणजे कडकपणा मोजायच्या यंत्रावर दोन्ही पोलादं ऐटीत पास होतात. दात्यावर घासून दोन्ही सारखीच टिकतात. फरक कळतो तो फक्त मोडताना. किंवा त्याआधी, पिटूच्या डोळ्यांना.

कणांना नंबर असतो आणि तो उलटा चालतो. आठ म्हणजे बारीक, झकास. सहापर्यंत पास. त्याखाली अख्खा घाणा नापास, सगळा माल भंगारात.

तिने तुटलेला खटका बोटांत फिरवला. जास्त वजनाने मोडलेलं पोलाद आधी वाकतं, नाइलाज झाला की मगच तुटतं. हा कुठेही वाकलेला नव्हता. बिस्किटासारखा दोन तुकडे.

दुपारपर्यंत गोळी तयार झाली. तिने नंबर काढला. मग चष्मा पुसला आणि पुन्हा काढला.

तीन.

जॅकच्या बुडाशी घाण्याचा नंबर ठोकलेला होता. तिने रजिस्टर उघडलं. त्या नंबरापुढे तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, “सहा. पास.” खाली तिचीच सही, शेवटी तो नखरेल फाटा काढलेली. ती स्टुलावर बसली.

कारण ती सही कशी झाली होती हे तिला पक्कं आठवत होतं.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा एक गोळी पाच नंबरची दिसली होती. तिला वाटलं, माझंच चुकलं. बाबांचं कसं चुकेल? एकतीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस! भट्टीचा मीटर तर त्याच्या वर्षभर आधीपासून बंदच होता. साहेबांना सांगितलं की साहेब म्हणायचे, “मास्तर असताना मीटर कशाला?” आणि ते ऐकून बाबांची छाती चार बोटं फुगायची. रंग बघायचे बाबा. पिकल्या संत्र्याच्या सालीचा रंग आला की ओढ बाहेर, टाक तेलात. त्यांचा अंदाज चुकला असं कारखान्यात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

म्हणून तिने ती गोळी पहिल्यापासून पुन्हा घासली. पुन्हा पाच. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि बाबा डबा घेऊन दारात. “काय गं इन्स्पेक्टरीणबाई, झाला का आमचा घाणा पास?”

“थांबा हो बाबा, घाई काय एवढी!” असं म्हणत तिने गोळी भिंगाखाली जरा डावीकडे सरकवली. जरा वर. आणि एका कडेला कण बारीक दिसले. ते सहा म्हणता आले असते. कुठल्याही गोळीवर अशी एखादी बारीक जागा असतेच, शोधली की सापडते. नियम असतो पाच ठिकाणी बघून सरासरी काढायचा. तिने त्या एका जागेवर थांबून लिहिलं, “सहा. पास.” आणि डबा उघडला.

पुढच्या महिन्यात पुन्हा. मग दर आठवड्याला. मग तर हात आपोआप जागा शोधायला लागला, बोलता बोलता चहात साखर ढवळावी तसा. आपण खोटं लिहितोय असं तिला एकदाही वाटलं नाही. आपण नीट बघतोय असंच वाटायचं.

आता तिने कपाटातून दोन वर्षांच्या गोळ्या काढल्या आणि नियमाप्रमाणे पाच पाच जागा बघत गेली. पाच. पाच. साडेचार. चार. साडेतीन. जणू कुणीतरी एकेक पायरी उतरत अंधाऱ्या तळघरात चाललं होतं, आणि तिला माहीत होतं कोण. परवाच बाबा घरी भांडत होते, “हल्ली बल्बसुद्धा पिवळे बनवतात आणि पांढरे म्हणून विकतात! चोर लेकाचे!” आई म्हणाली होती, “बल्ब पांढराच आहे हो.” “तुला काय कळतंय गं रंगातलं?” असं म्हणून ते वर्तमानपत्र नाकाला लावून बसले होते. पिटू तेव्हा खो खो हसली होती.

एकतीस वर्षं धगीकडे बघून डोळ्यांत काय साठलं असेल? ओतलेल्या चहासारखं तपकिरी काहीतरी. त्याच्या आडून पिवळाजर्द झालेला खटकाही संत्र्याच्या सालीसारखाच दिसणार, आणि ते वाट बघत राहणार. अजून थोडं, अजून थोडं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने रुमालात बांधून आणलेले दोन तुकडे बाबांच्या हातावर ठेवले. दुसरं काय करावं हे तिला सुचलंच नव्हतं.

“हाच का तो?” बाबा म्हणाले. ते खिडकीशी गेले. मोडलेलं पोलाद कसं वाचायचं हे त्यांनीच तिला ती सात वर्षांची असताना शिकवलं होतं. तुकडा उजेडात तिरका धरायचा. राखाडी, मऊ दिसला तर मखमल, म्हणजे माल चोख. चमचम केली तर साखर, म्हणजे माल जळला.

तिरका धरलेला तो तुकडा सकाळच्या उन्हात लखलखत होता. पिटूला दोन हात लांबून एकेक दाणा दिसत होता.

बाबांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, मान वाकडी केली. मग त्यांचा चेहरा खुलला.

“मखमल!” ते म्हणाले. “बघ ना, कशी सुरेख. एक दाणा चमकत नाहीये. मी म्हणतच होतो, आपल्या मालाला काय धाड भरलीय! जास्त वजन टाकलं त्याने. बिचाऱ्याचा हात गेला ते वाईटच, पण चूक त्याची. लिहून टाक तसं.”

आई स्वयंपाकघरातून ओरडली, “चहा निवतोय! सुट्टीच्या दिवशी तरी ते लोखंड बाजूला ठेवा!”

“आलो गं!” बाबा वळले. वळता वळता त्यांचा अंगठा तुकड्याच्या पाठीवरून फिरला. सवयीने. एकदा फिरला, मग पुन्हा फिरला, आणि ते थांबले.

“पिटू, हा वाकलेला नाहीये.”

“नाही.”

“कुठेच?”

“कुठेच नाही, बाबा.”

बाबांनी तुकडा पुन्हा उजेडात धरला. या वेळी त्यांनी नीट बघितलंच नाही, नुसता धरून ठेवला. “तू सांग,” ते म्हणाले. “तुला काय दिसतंय?”

एवढ्या वर्षांत बाबांनी तिला असं कधी विचारलं नव्हतं. ते विचारायचे ते परीक्षा घ्यायला, उत्तर त्यांना आधीच माहीत असायचं.

“साखर,” ती म्हणाली.

“कुठे?”

“सगळीकडे.”

ते खिडकीच्या कट्ट्यावर बसले. “हा एकच घाणा?”

मग तिने सगळं सांगितलं. गोळ्या, पायऱ्या, डावीकडे सरकवणं, बारीक जागा. सांगताना ती रडत नव्हती, नुसती घाईघाईने बोलत होती, वर्गात पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशी. आई दारात येऊन उभी राहिली होती, हातात चहाचा कप तसाच.

“मला वाटायचं, माझं पॉलिश चुकतंय,” ती शेवटी म्हणाली.

“तुझं पॉलिश कधी चुकलं नाही,” बाबा म्हणाले. मग, “रिपोर्ट लिही. खरा नंबर घाल. भट्टीवर कोण होतं तेही लिही.”

“अहो, काढून टाकतील तुम्हाला!” आई म्हणाली. “दोघांनाही!”

“एका माणसाचा हात काढला ना?” बाबा म्हणाले. कप आईच्या हातात निवून गेला, कुणी घेतला नाही.

साहेबांनी रिपोर्ट वाचला. वाचून उठले, दार लावलं आणि पुन्हा बसले.

“हा अजून कुणी वाचलाय?”

“नाही साहेब. पण हे एका जॅकचं नाहीये. दोन वर्षांतले अठरा हजार आहेत. निदान शेवटच्या वर्षातले तरी परत मागवायला हवेत. बुडाशी नंबर आहेत, ओळखता येतील.”

“अठरा हजार.” साहेब हसले. “लोकांच्या डिक्क्या उघडून शोधू? आणि काय सांगू? की आमच्या मास्तरांना दिसत नव्हतं आणि त्यांची मुलगी डोळे झाकून सह्या करत होती? सही तुझीच आहे ना गं प्रत्येकावर?”

“हो.”

“फार छान सही आहे.” त्यांनी रिपोर्ट खणात टाकला आणि खणाला किल्ली लावली. “मास्तर उद्यापासून पॅकिंगमध्ये. तू तुझं काम कर. मी मीटर मागवतो.”

तीन वर्षांत न आलेला मीटर चार दिवसांत आला. हिरवे आकडे दाखवणारा, चकचकीत. घाणे पुन्हा आठ नंबरचे यायला लागले. भट्टीपुढे एक नवा माणूस बसला. तो आगीकडे बघायचाच नाही, आकड्यांकडे बघायचा.

पिटूकडे रिपोर्टची दुसरी प्रत होती. ती घेऊन ती मेकॅनिकच्या घरी गेली. रस्ताभर तिने मनात वाक्यं जुळवली होती. चूक तुमची नव्हती. तुम्ही दाद मागा. मी साक्ष देईन. त्याने दार उघडलं. बाही कोपराशी दुमडून पिन लावलेली होती. त्याने कागद भिंतीला टेकवला आणि उभ्यानेच वाचून काढला.

“उशीर केलात, ताई,” तो म्हणाला. “तुमचा माणूस मागच्याच आठवड्यात येऊन गेला. वजन जास्त टाकलं, चूक माझी, असं लिहून घेतलं. त्याबदल्यात काहीबाही देऊन गेला. घर चालवायचं होतं.”

“पण ते खोटं आहे! सही केलीत तुम्ही?”

“केली की. डाव्या हाताने.” तो जरासा हसला. “तिला माझी सही म्हणायचं की नाही, देव जाणे. बायको म्हणते, कोंबडीचे पाय उमटलेत.” मग त्याने कागद परत दिला. “मला रोज रात्री वाटायचं, मी नक्की कुठे चुकलो? जॅक नीट बसवला नव्हता का? आता ते तरी वाटणार नाही. बरं झालं आलात.”

तिला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

बाबा पॅकिंगमध्ये अकरा दिवस गेले. खोके चिकटवायचे, त्यात जॅक भरायचे. बाराव्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. निरोप समारंभ झाला नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, इतका पिकलेला मोतीबिंदू त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. पट्टी काढली तेव्हा बाबा भिंतीकडे बघून म्हणाले, “ही एवढी पांढरी होती?” आई हसली आणि लगेच रडली.

घरी आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी ते दोन तुकडे मागितले. पिटू म्हणाली, “राहू द्या ना, बाबा.” त्यांनी हात पुढे केलेलाच होता. ते तुकडा घेऊन खिडकीशी गेले, तिरका धरला आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग न्हाणीघरात जाऊन त्यांनी साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, भट्टीवरून आल्यावर धुवायचे तसे.

त्यानंतर ते रोज सकाळी घराबाहेर पडायला लागले. आईला वाटलं, फिरायला जातात, बरंच आहे. पण ते कापडी पिशवी घेऊन जायचे आणि ती जड असायची. विचारलं की म्हणायचे, “काही नाही गं, असंच.”

एका संध्याकाळी पिटू कामावरून परत येत होती. मोठ्या रस्त्याच्या कडेला एक टॅक्सी एका बाजूने उचललेली होती. चालक पंक्चर चाक काढून उकिडवा बसला होता, आणि त्याच्या शेजारी कुणीतरी जवळजवळ जमिनीला गाल लावून गाडीखाली बघत होतं. पांढरा सदरा मातीत माखलेला.

“ओ काका, काय शोधताय? पैसे पडले का तुमचे?”

“नाही हो. जॅकचा नंबर बघतोय फक्त. बुडाशी असतो.”

“नंबर कशाला? चोरीचा नाहीये तो!”

बाबांनी नवा चष्मा वर सारला आणि आकडे वाचले. एकदा नुसते, मग एकदा बोट फिरवून.

“हा माझा आहे,” ते म्हणाले.

“तुमचा? अहो, दुकानातून घेतलाय मी, रोख!”

“तसं नाही हो. हात आत घालू नका एवढंच. एक मिनिट थांबा.” त्यांनी पिशवीतून लाकडाचा जाडजूड ठोकळा काढला, गाडीच्या पोटाखाली सरकवला आणि बसला की नाही ते हाताने ठोकून बघितलं. “आता चालू द्या तुमचं. आणि हा जॅक पुन्हा वापरू नका. नवा घ्या.”

“चांगला आहे की काका, वर्षभर वापरतोय! काय झालंय त्याला?”

बाबांनी सांगायला तोंड उघडलं. कण, साखर, तडे, काय काय सांगणार? “मोडेल,” एवढंच म्हणाले.

चालक मान हलवून कामाला लागला. वेडा आहे बिचारा, अशी मान. बाबा फुटपाथवर बसून राहिले. चाक चढलं, नट आवळले गेले, जॅक खाली उतरला. चालकाने तो फडक्याने पुसला, डिक्कीत टाकला, आणि गाडी गेली.

पिटू रस्त्याच्या पलीकडे उभी होती. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. ठोकळ्याची माती त्यांनी झटकली, तो पिशवीत ठेवला आणि पुढे चालायला लागले, कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या चाकांकडे बघत.